फुलांखालचा वास

दादा : नाही. हेसुद्धा नाही.

नकटी : मग आता एखाद्या डॉक्टरला नाक दाखवून घे. सकाळपासून अत्तरात बुडवलेल्या किती कागदी पट्ट्या हुंगून टाकल्यास, जरा खाली बघ. केर काढायला येईल तिला वाटेल, इथं कुणाच्या तरी लग्नपत्रिका फाडल्यात.

दादा : चिडू नकोस गं. वास चांगलाच आहे. तू केलंयस म्हटल्यावर चांगलाच असणार. पण आईचा नाही.

नकटी : फुलाचं तेल आहे ते. त्याला फुलाचा वास येणार. आईचा कुठून आणू?

वहिनी : तोच तर मुद्दा आहे ना. खोक्यावर काय छापलंय ते तू वाचलं तरी आहेस का? थांब, वाचते. 'आई. भल्या पहाटे हातानं खुडलेल्या कडू संत्र्याच्या फुलांचं शुद्ध नेरोली तेल. पहिल्या श्वासापासून शेवटच्या श्वासापर्यंत, आई.'

नकटी : शेवटच्या श्वासापर्यंत. हे कुणी लिहिलं?

वहिनी : मी लिहिलं. का?

नकटी : काही नाही. मळमळलं जरा.

वहिनी : तुला सकाळपासून मळमळतंयच. नाकाला फडकं काय, खिडक्या सताड उघड्या काय. अत्तर करणारी बाई नाक बांधून बसलीय, हे उद्या माल बघायला येणाऱ्या दुकानदारांनी बघितलं तर म्हणतील, यांना स्वतःचाच माल सोसवत नाही.

नकटी : खरं तेच म्हणतील.

दादा : म्हणजे?

नकटी : म्हणजे मला हा वास सोसवत नाही. आजचं नाही हे, आई गेल्यापासूनचं आहे. फुलांच्या मोसमात मी भट्टीकडे फिरकते का, आठवून बघ. पानांचं तेल काढते, साबण बघते, क्रीम बघते तेही बिनवासाचं. नेरोलीची बाटली उघडली की तोंडाला पाणी सुटतं. जेवण बघून सुटतं तसं नव्हे. ओकारीच्या आधी सुटतं तसं.

दादा : मी तरी वेगळं काय सांगतोय? तुलाही त्या वासानं आईच आठवते. तुला त्रास होतो, मला बरं वाटतं, एवढाच फरक. माणसामाणसावर असतं ते.

नकटी : हो. माणसामाणसावर असतं खरं.

वहिनी : मग एकदाचं जमवा आणि मोकळे व्हा. उद्या सकाळी ते लोक येणार, त्यांच्या हातात बाटली द्यायला हवी. क्रीम तयार आहे, खोकी तयार आहेत, त्यांच्यावर आईंचा फोटो छापून आलाय. सगळं लग्न लागायच्या तयारीत आणि नवरामुलगाच जागेवर नाही, तशी गत झालीय.

नकटी : खोक्यावरचं नाव बदला. मी आत्ता, या मिनिटाला, हवा तो वास देते. 'पहाट' म्हणा, 'बाग' म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. फक्त आईला त्यातून काढा.

दादा : नाव बदलणार नाही.

नकटी : मग वासही मिळणार नाही.

दादा : हे बघ नकटे, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. तुला वाटतं, मी आईला विकतोय.

नकटी : विकतोयसच. पण माझं दुखणं ते नाही. साबण विकणाऱ्या घरात जन्मलो आपण. आजोबा दाढीच्या साबणावर आहेतच की, मिशांसकट. त्याचं मला हसू येतं. याची किळस येते.

दादा : कशाची? आईच्या नावाची?

नकटी : सोड ना.

दादा : सोडणार नाही. हा कारखाना तू सांभाळलास, आईला तू सांभाळलंस, कबूल आहे. मी दुकानांच्या मागे गावोगाव हिंडत होतो. पण म्हणून आई एकट्या तुझी झाली नाही. मलाही तिच्यासाठी काहीतरी करायचंय. हे एवढंच मला जमण्यासारखं आहे. तर नाव का नको, ते कारण सांग.

नकटी : नको म्हणून नको.

वहिनी : हे बरं आहे. आम्ही काही म्हटलं की हट्ट, आणि तू केलास की कारण.

दादा : तू थांब गं. नकटे, मला काय हवंय ते मी नीट सांगतो, तू फक्त ऐक. तू रोज तिच्याजवळ होतीस, तुला त्याचं अप्रूप नसेल. मी यायचो महिन्यातून एखाद्या वेळी. पण जिना चढून ते दार ढकललं ना, की तो वास. सगळी खोली पांढरी. चादर पांढरी, पडदे स्वच्छ, आणि आई उशीला पाठ टेकून ताठ बसलेली. केस विंचरलेले. एवढी आजारी बाई, पण नुकतीच न्हाऊन बसल्यासारखी. मी मनात म्हणायचो, आजारी पडावं तर असं पडावं.

नकटी : तिच्यापुढे म्हणालास का कधी हे?

दादा : म्हणालो होतो एकदा. हसली.

नकटी : हं.

दादा : तर तो वास. या तुझ्या पट्ट्यांमध्ये वरचं सगळं बरोबर आहे. फूल आहे, जरासा कडवटपणा आहे, देठ मोडल्यावर येतो तो हिरवा वास आहे. पण खाली काहीच नाही. नुसतं धुऊन वाळत घातल्यासारखं वाटतं.

नकटी : मध घालून दिलं, ते नको म्हणालास. चंदन घातलं, तर म्हणालास देवघर झालं. व्हॅनिला घातलं...

वहिनी : ते मला आवडलं होतं.

नकटी : तुम्हाला आवडलं म्हणूनच मी ते बाजूला ठेवलंय. क्रीमच्या कामाला येईल.

दादा : मध नाही, चंदन नाही. आईच्या खोलीत फुलाच्या खाली काहीतरी असायचं. गोड, जड. फळ जरा जास्त पिकलं की येतं तसं. घशात बसून राहायचं ते. खाली आल्यावर गाडीतसुद्धा यायचं. ते घाल.

नकटी : ते मागू नकोस.

दादा : म्हणजे ते काय आहे ते तुला माहीत आहे.

नकटी : माहीत आहे.

दादा : तुझ्याकडे आहे?

नकटी : कपाटात आहे. वरच्या फळीवर, डब्यात डबा घालून ठेवलंय.

वहिनी : अगं मग सकाळपासून आम्हाला काय झुलवतेस? काढ की.

नकटी : वहिनी, ते काय आहे एवढं तरी विचारा. इंडोल म्हणतात त्याला. पांढरे खडे असतात. नुसत्या डब्याचं झाकण काढलं तर तुम्ही खोलीबाहेर पळाल. कित्येक दिवस न धुतलेल्या संडासाचा वास येतो, आणि त्यात कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या.

वहिनी : शी. आणि ते चेहऱ्याला लावायचं?

नकटी : फुलातच असतं ते. मोगऱ्यात असतं, संत्र्याच्या फुलात असतं. अगदी कणभर. तेवढं असलं की फूल जिवंत वाटतं, जास्त झालं की मेलेलं वाटतं. आपण वाफेवर तेल काढतो त्यात ते बरंचसं मागं राहतं. म्हणून आपलं नेरोली इतकं साळसूद, आणि म्हणून बायका ते बिनधास्त तोंडाला फासतात. तुमच्या नवऱ्याला नेमकं मागं राहिलेलं हवंय.

दादा : बोलून घाबरवू नकोस. घालून दाखव.

नकटी : दादा, एकदा घातलं की तू ते हुंगणार. आणि एकदा हुंगलंस की परत डोक्यातून काढता येणार नाही. मी सांगतेय ते ऐक, धुतलेलंच बरं आहे.

दादा : वासाला काय भ्यायचं?

नकटी : बरं. वहिनी, ती दुसरी खिडकीपण उघडा. आणि दादा, तू तिकडे उभा राहा. तुला मिश्रणाचा वास हवाय, डब्याचा नकोय. हे स्पिरिटमध्ये पातळ केलेलं आहे, तरी मी श्वास धरूनच उघडते.

वहिनी : अगं बाई गं. काय घाण आहे ही.

नकटी : पळाल म्हणाले होते ना. हं, केलं बंद. हा एक थेंब. अजून एक. आता हलवू दे. लगेच घेऊ नकोस, स्पिरिट उडून जाऊ दे. घे.

(दादा पट्टी नाकाशी धरतो.)

दादा : हो.

नकटी : हो काय?

दादा : हेच. हेच आहे ते. नकटे, ही आई आहे गं. आई आली खोलीत.

नकटी : रडू नकोस.

दादा : रडू दे मला. ती गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. पाहुण्यांची व्यवस्था बघत होतो. तुझं नाक सोन्यानं मढवलं पाहिजे. आणि सकाळपासून म्हणे जमत नाही.

नकटी : जमत नाही असं मी म्हणाले नव्हते.

वहिनी : बघू, द्या इकडे. कागदावर मला काही कळत नाही, मनगटावर लावून बघते. हं. आता खरं अंगावर आलं. मघाशी साबण होता, आता बाई झाली त्याची. याला म्हणतात... थांबा हं.

दादा : काय झालं?

वहिनी : हा वास मला माहीत आहे.

दादा : असणारच. आईचा आहे.

वहिनी : मी कुठे जात होते आईंच्या खोलीत? मला औषधांच्या वासानं नकोसं व्हायचं, मी घरीच थांबायचे. नाही, हा मी दुसरीकडे घेतलाय. अहो, हा तुमच्या शर्टाला यायचा.

दादा : कुठल्या शर्टाला?

वहिनी : तिकडून परत आलात की. वर फुलांचा आणि त्याच्याखाली हा. मी तो शर्ट बाकीच्या कपड्यांत टाकायचे नाही. वेगळ्या बादलीत भिजवायचे. घासून घासून धुवायचे, आणि वाळल्यावर इस्त्री फिरवली की परत वर यायचा.

दादा : मला कधी बोलली नाहीस.

वहिनी : काय बोलणार? तुमच्या आईकडून आलेला शर्ट घाण मारतो, असं सांगू? मला वाटायचं, आजाऱ्याजवळ बसल्यावर येत असेल. नकटे, कसला वास आहे गं हा?

नकटी : आधी मनगट धुऊन या.

वहिनी : कसला आहे ते सांग.

नकटी : धुवा, मग विचारा. साबण बेसिनवर आहे.

दादा : नकटे, सरळ बोल.

नकटी : जखमेचा आहे. सडलेल्या जखमेचा, आणि तिच्यावर फुलाचं पाणी मारलेलं.

दादा : कुणाच्या जखमेचा?

नकटी : आईच्या. पाठीच्या खाली, माकडहाडावर. एक तिथं आणि एक उजव्या कुशीला. पडून पडून झालेल्या. ती मागची एवढी खोल होती की मूठ आत गेली असती.

दादा : तिला जखम नव्हती. अशक्तपणा होता. मी स्वतः डॉक्टरांशी बोलायचो, ते अशक्तपणा म्हणायचे.

नकटी : अशक्तपणा होता म्हणून पडून होती, आणि पडून होती म्हणून जखमा झाल्या. डॉक्टर तुला तेवढंच सांगायचे, जेवढं आईनं सांगू दिलं होतं. हात जोडले होते तिनं त्यांच्यापुढे.

दादा : खोटं बोलतेस. नाव नको म्हणून काहीही सांगतेस. मी प्रत्येक वेळी तिच्याजवळ बसलोय. ताठ बसलेली असायची ती. पाठीला एवढी जखम असती तर बसली कशी असती?

नकटी : त्या जखमेवरच बसायची.

वहिनी : अगं आई गं.

नकटी : तुझा फोन आला, येतोय म्हणून, की आमची धावपळ सुरू. जुनी पट्टी काढ, अंग पूस, नवी पट्टी बांध, चादर बदल, केस विंचर. मग फुलाचं पाणी. पडद्यांवर, उशीवर, पट्टीवर. गरम पाण्याच्या वाटीत नेरोलीचे थेंब टाकून ती वाटी पलंगाखाली. आणि सगळ्यात शेवटी तिला उठवून बसवायचं. मी आणि शेजारच्या काकू मिळून बसवायचो. ओरडायची ती. जिन्यावर तुझ्या बुटांचा आवाज आला की गप्प.

दादा : पण का?

नकटी : तू रुमाल काढला होतास म्हणून.

दादा : कसला रुमाल?

नकटी : ती अंथरुणाला खिळली त्यानंतर तू पहिल्यांदा आलास तेव्हा. जखम तेव्हा नवी होती, पण वास सुटला होता. तू दारात थबकलास. खिशातून रुमाल काढलास, शिंक आल्यासारखं केलंस, आणि तो नाकावर धरूनच आत आलास. सर्दी झालीय म्हणालास. आठवत नाही ना? आठवणार नाहीच. तू काही ठरवून केलं नव्हतंस.

दादा : खरंच सर्दी असेल मला.

नकटी : असेल. तू गेल्यावर आई म्हणाली, त्याला माझा वास आला गं. बाकी काही नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, कारखान्यातून फुलाचं पाणी मागव, तो यायचा असेल तेव्हा शिंपड. आणि त्याला यातलं अक्षर बोलायचं नाही. शपथ घातली मला.

वहिनी : पण आईंना तर हा वास फार आवडायचा ना? यांनी तेच सांगितलंय मला. मी तेच लिहिलंय खोक्यावर.

नकटी : आवडायचा? लग्न होऊन आली तशी तिला मोसमात फुलं निवडायला बसवली. ढीगच्या ढीग यायचे बागेतून, आणि त्याच दिवशी भट्टीत गेले पाहिजेत, नाहीतर काळे पडतात. डोकं फुटायचं तिचं. कपाळाला ओलं फडकं बांधून बसायची. बाबांना वाटायचं, हिला ऊन सोसत नाही. ऊन कसलं, तिला या फुलाची शिसारी होती.

दादा : मला कधी बोलली नाही.

नकटी : तुला फुलं आवडायची. लहानपणी त्या ढिगात लोळायचास तू. तुला कोण सांगणार? तर तू जिना उतरलास की तिचं पहिलं वाक्य, उघड ती खिडकी, गुदमरले मी. मग तिला आडवी करायची, पट्टी सोडवायची. बसून बसून ती जखमेला चिकटलेली असायची. पाण्यानं भिजवून भिजवून काढायची. आणि ती ओकायची. दुखण्यानं ओकते की वासानं, हे मी कधी विचारलं नाही. भांडं धरायचे.

दादा : बस कर.

नकटी : मलाही बस म्हणावंसं वाटायचं. कुणाला म्हणणार? आता तोंड उघडलंच आहे तर सगळं ऐकून घे. मला तिची किळस यायची, दादा. आपल्या आईची. पट्टी काढताना मी तोंडानं श्वास घ्यायचे, तर तो वास चवीसारखा जिभेवर यायचा. हात घासायचे, तरी नखात फूल आणि पू. त्याच हातानं तिला भरवायचे आणि त्याच हातानं मी जेवायचे. तिला कळायचं. भरवताना माझ्याकडे बघायची नाही, घास घ्यायची आणि खिडकीकडे बघत चावायची. कधी कधी मी मुद्दाम उशिरा जायचे खोलीत. नुसती दाराबाहेर उभी राहायचे.

वहिनी : हे जात नाहीये मनगटावरून. किती साबण घासला.

नकटी : साबणानं नाही जाणार ते. स्पिरिट चोळा. तो कापूस आहे बघा तिथं.

वहिनी : आणि मी हे क्रीममध्ये घालून बायकांच्या गालांना लावणार होते. आईंच्या फोटोखाली.

नकटी : क्रीममध्ये घातलं असतंत तर काही दिवसांत पिवळं पडलं असतं. म्हणजे रंगही जुळला असता.

दादा : गप्प बसा दोघी.

वहिनी : अहो, कुठे निघालात?

दादा : घशाशी आलंय माझ्या.

नकटी : बाहेरपर्यंत नाही पोचणार तू. ती बादली घे, तिथंच वाक. वाक म्हणते ना. लाजू नकोस, मला सवय आहे. वहिनी, त्याचं कपाळ धरा.

वहिनी : धरलंय. काय हो हे, काय हे.

नकटी : झालं? पाणी घे. चूळ भर आधी, मग पी.

दादा : नकटे, मला ती सुंदर दिसायची गं.

नकटी : दिसायचीच. त्याचसाठी बसायची ती.

दादा : आणि मी तिथं बसून दुकानांच्या गप्पा मारायचो. उठायचं नावच घ्यायचो नाही. ती म्हणायची, बस रे अजून थोडा.

नकटी : म्हणायची खरी. मी दाराआड उभी राहून दात खायचे तुझ्यावर. आणि तिच्यावरही.

दादा : तू सांगायचं होतंस. शपथ कसली, मोडायची होती. मी तिला चांगल्या दवाखान्यात नेलं असतं. माणूस ठेवला असता.

नकटी : नेलं असतंस?

दादा : नसतं?

नकटी : मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. म्हणून तर आपलं हे भांडण कधी मिटायचं नाही.

दादा : निदान ती गेल्यावर तरी बोलायचंस.

नकटी : ती गेल्यावर तू येईल त्याला सांगत सुटलास, आमची आई फुलासारखी गेली. मी म्हटलं, असू दे. तुला तसं वाटतंय तर तसं. ही खोकी छापून आली नसती तर मी मरेपर्यंत बोलले नसते. पण आता बाया हे मानेला लावून हिंडणार आणि एकमेकींना सांगणार, हा आईचा वास. ज्या वासाच्या मागे ती तोंड लपवून बसली, तोच, आणि तिचंच नाव त्याला. तिची लाज बाटलीत भरून विकायची. ते नाही बघवणार मला. तुझा राग आला तरी चालेल, पण ते नाही.

वहिनी : खोकी मी परत पाठवते.

दादा : आणि उद्या ते लोक येतील त्यांना काय सांगायचं?

वहिनी : चहा पाजायचा आणि सांगायचं, माल तोच आहे, नाव 'पहाट' आहे. मघाचं ते धुतलेलं द्या त्यांना. तुम्हाला नाही आवडलं, पण लोकांना धुतलेलंच आवडतं. क्रीमच्या डब्यांवर नवा कागद चिकटवू. मजकूर मात्र मी लिहिणार नाही, सांगून ठेवते. दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

दादा : नको लिहूस. मजकूरच नको. नुसतं नाव असू दे. नकटे, चालेल ना तुला?

नकटी : आई नसेल तर काहीही चालेल. ती कागदाची पट्टी दे इकडे. बाहेरच्या पिंपात टाकून येते.

दादा : देतो.

वहिनी : मग द्या ना. हातात काय धरून बसलाय ती. शी, अहो, नाकाला नका लावू परत.

दादा : नाही लावत. मी फक्त विचार करतोय. म्हणजे हा आईचा नाही.

नकटी : नाही.

दादा : वरचं फूल तिला नको होतं आणि खालची घाण आजाराची. मग तिचा कुठला? आजारी पडण्याआधीचा. तिच्या मांडीत तोंड खुपसून झोपायचो आपण, तेव्हाचा. मी मघापासून आठवायला बघतोय, तर हेच मधे येतं.

नकटी : मला नको विचारूस.

दादा : तुला नको तर कुणाला? एकदा घेतलेला वास तू विसरत नाहीस. बाबांच्या छत्रीचा वाससुद्धा तू मला परवा सांगितलास. तू नुसतं सांग, काय काय होतं त्यात. बनव नाही म्हणत मी, विकायचं तर नावच नको. फक्त सांग. तू सांगितलंस की मलाही येईल आठवून.

वहिनी : सांग ना गं. एवढं विचारतायत.

नकटी : मी बसते रे त्याच्यासाठी. सगळे गेले की दार लावून बसते. कपड्यांचा साबण घेऊन बघितला, दूध घेऊन बघितलं, उन्हात वाळलेले केस, लोकर, काय काय मिसळून बघितलं. जरा जवळ आल्यासारखं वाटतं, आणि मग जखमेवरच्या पट्टीचाच वास येतो.

दादा : म्हणजे?

नकटी : म्हणजे मलाही नाही आठवत, दादा.